हॉथॉर्नच्या कॅप्सूल सासऱ्यांना सुरू कराव्यात का?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. तुमच्या सासऱ्यांना या कॅप्सूल सध्या सुरू करू नका. ‘झाडपाल्याचं औषध आलंच आहे, तर सकाळच्या दोन गोळ्या कमी करता येतील का’ असंही तुम्ही विचारलं आहे. तिथे माझं ‘नाही’ आणखी ठाम आहे. एकही गोळी कमी करू नका.

तुम्ही कळवलेली माहिती अशी: वय ७१, चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन एक स्टेंट बसवलेला, शेवटच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्याचं प्रमाण, ३० टक्के, एक जिना चढला की दम लागतो. मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, डिगॉक्सिन आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. छातीत दुखलंच तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट खिशात असते. इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेल्या दिरांनी हॉथॉर्न या तिकडच्या काटेरी झुडपाच्या कॅप्सूल पाठवल्या. शेजारचे काका म्हणतात, त्याचेच थेंब आपल्याकडे मिळतात, मी घेतो. शिवाय सासूबाई रोज सकाळी अर्जुनाची साल घालून उकळलेलं दूध देतात.

गेली सव्वीस वर्षं मी फिजिशियन म्हणून काम करतोय आणि हृदय अशक्त झालेले रुग्ण ही माझ्या ओपीडीतली मोठी रांग आहे. हॉथॉर्नबद्दल मला राग नाही. उलट युरोपातल्या झाडपाल्याच्या औषधांत ज्यांचा नीट, मोठ्या संख्येनं अभ्यास झाला अशी फार थोडी आहेत, त्यातलं हे एक. म्हणूनच त्याच्याबद्दल हो-नाही नेमकं सांगता येतं.

हे झुडूप गुलाबाच्या कुळातलं, सफरचंद-नासपतीच्या जवळचं. इंग्लंडमध्ये शेतांच्या बांधांवर याचीच काटेरी कुंपणं असतात. मे महिन्यात ती पांढऱ्या फुलांनी भरतात, म्हणून तिथे त्याला ‘मे’ असंही म्हणतात. ही फुलं घरात आणायची नाहीत, आणली तर घरात मृत्यू होतो, अशी तिथल्या खेड्यांत जुनी समजूत आहे. या फुलांच्या वासात ट्रायमिथिलअमाइन असतं आणि मांस सडू लागतं तेव्हाही तेच तयार होतं. प्रेत घरात ठेवण्याच्या काळात लोकांनी तो वास ओळखला असणार. शरदात त्याला छोट्या बोराएवढी लाल फळं येतात. शास्त्रीय नाव क्रॅटेगस. औषधात मुख्यतः मोनोगायना आणि लेव्हिगाटा या दोन जाती वापरतात. जुन्या पुस्तकांत आणि आपल्याकडच्या बाटल्यांवर ‘ऑक्सिअकँथा’ लिहिलेलं असतं, ते याच औषधाचं जुनं नाव. मराठीत याला नाव नाही, कारण हे आपल्या मातीतलं झाड नाही.

चीनमध्ये याची वेगळी, मोठ्या फळांची जात आहे. तिला शानझा म्हणतात आणि ती तिथे प्रामुख्यानं पोटासाठी, मांसाहार जड झाला तर देतात. बीजिंगच्या थंडीत काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवलेली लाल फळं विकतात, ती हीच. म्हणजे एकच वंश, पण एका देशात हृदयाचं औषध आणि दुसऱ्या देशात पाचक.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही बाटलीचा जो फोटो पाठवला आहे, त्यावर ‘हॉथॉर्न बेरी’ लिहिलंय. म्हणजे फळाची पूड. हृदयासाठी ज्या अर्कावर मोठे अभ्यास झाले तो फळाचा नव्हता, फुलांसकट पानांचा होता. जर्मनीत वनौषधी तपासणाऱ्या सरकारी समितीनं १९९४ साली हृदयाच्या सौम्य अशक्तपणासाठी फुलांसकट पानांच्या अर्काला मान्यता दिली, नुसत्या फळाला दिली नाही. सर्वांत जास्त अभ्यासलेल्या अर्काचं नाव डब्ल्यूएस १४४२. त्यात प्रोसायनिडिन नावाच्या द्रव्यांचं प्रमाण १८.७५ टक्क्यांवर बांधून दिलेलं असतं, म्हणजे प्रत्येक गोळीत तेवढंच. तुमच्या बाटलीवर फक्त ‘५०० मिलिग्रॅम’ आहे. कशाचे ५०० मिलिग्रॅम, त्यात कामाचं द्रव्य किती, हे कुठेच नाही. त्या अर्काचे निष्कर्ष या बाटलीला लावणं म्हणजे हापूसच्या गुणांवरून कैरीच्या लोणच्याबद्दल बोलणं.

समजा, दिरांनी तो नेमका अर्क पाठवला असता, तर? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण उद्या कोणीतरी तो पाठवेलच.

या अर्कानं रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, हृदयाच्या आकुंचनाला किंचित जोर मिळतो, असं प्रयोगशाळेत दिसतं. लहान-लहान चाचण्या एकत्र करून २००८ साली कोक्रेननं, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं, आढावा घेतला. त्यात नेहमीच्या औषधांच्या जोडीला हॉथॉर्न घेणाऱ्यांचा दम आणि थकवा काहीसा कमी झाला, व्यायामाची क्षमता थोडी वाढली, असं निघालं. त्यातले बहुतेक रुग्ण सौम्य ते मध्यम त्रासाचे होते आणि चाचण्या काही आठवड्यांच्या. ‘हॉथॉर्न हृदयाला चांगलं’ हे वाक्य इंटरनेटवर फिरतं त्याला आधार हा आहे, आणि तो खोटा नाही.

पण त्याच वर्षी युरोपातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचं नाव स्पाइस. २६८१ रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग ३५ टक्के किंवा कमी, म्हणजे अगदी तुमच्या सासऱ्यांसारखे. अर्ध्यांना रोज ९०० मिलिग्रॅम डब्ल्यूएस १४४२, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, दोन वर्षं. मोजलं काय, तर हृदयामुळे मृत्यू, पुन्हा अटॅक, किंवा हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदय अशक्त पडल्यामुळे, दवाखान्यात भरती. हॉथॉर्न घेणाऱ्यांत हे २७.९ टक्के लोकांना झालं, न घेणाऱ्यांत २८.९ टक्के लोकांना. हा फरक मानता येण्याजोगा नाही. २५ ते ३५ टक्के पंपिंग असलेल्या उपगटात अचानक मृत्यू कमी दिसले. तुमचे सासरे या उपगटात बसतात, म्हणून हा आकडा कोणीतरी तुम्हाला नक्की दाखवेल. पण मुख्य निकाल हाती लागला नाही आणि मग गटांचे तुकडे पाडून पाहिलं की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात फरक दिसतोच. त्यावर नवा अभ्यास करावा, हे ठीक. घरच्या माणसाची औषधं ठरवू नयेत.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १२० रुग्णांवर सहा महिने झालेल्या अभ्यासातही, आधीच योग्य औषधं चालू असलेल्यांना हॉथॉर्ननं चालण्याच्या अंतरात फायदा झाला नाही. त्याच रुग्णांची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा सुरुवातीच्या काळात तब्येत बिघडण्याचं प्रमाण हॉथॉर्नच्या गटात जास्त आढळलं, विशेषतः पंपिंग ३५ किंवा कमी असलेल्यांत. हेही मागाहून केलेलं विश्लेषण आहे, म्हणून त्यालाही मी अंतिम मानत नाही. पण फायद्याचा उपगट मोजायचा आणि तोट्याचा विसरायचा, असं मला करता येणार नाही.

याच्या शेजारी तुमच्या सासऱ्यांची रोजची गोळी ठेवून बघा. मेटोप्रोलॉलचा ३९९१ रुग्णांवरचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनचा आला, जास्त गंभीर रुग्णांवर, त्यात ३० टक्क्यांनी. दिसायला या साध्या, स्वस्त, पांढऱ्या गोळ्या आहेत. त्या घेतल्यावर रुग्णाला लगेच बरं वाटत नाही, उलट पहिले काही दिवस मरगळ येते. म्हणून घरोघरी कमी करायची वेळ आली की त्यांच्यावरच पहिली कुऱ्हाड येते. या गोळ्या कमी करून झाडपाल्याचं औषध वाढवणं हा घाट्याचा सौदा आहे, आणि तो अनेकदा दोन-तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दारात कळतो.

आता सुरक्षिततेचं. हॉथॉर्न हे विष नाही. निरोगी माणसाला सहसा झालंच तर चक्कर, मळमळ, डोकेदुखी, कधी धडधड, एवढंच. त्रास सुरू होतो तो सोबतच्या औषधांमुळे. एक प्रसंग सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एक निवृत्त शिक्षक आले होते. तक्रार एकच, सकाळी पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा न्हाणीघरात पडले होते, कोपर खरचटलं होतं. आडवं झोपवून बीपी घेतलं तर ११८, उभं करून दोन मिनिटांनी घेतलं तर ८८. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला की आम्ही तो गंभीर धरतो. इथे ३० उतरला होता. गोळ्या तर सहा महिन्यांपासून त्याच. मी नेहमी म्हणतो तसं म्हटलं, “सर, पिशवी रिकामी करा.” मुलीनं किराणा दुकानाची कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. गोळ्यांची पाकिटं निघाली, चष्म्याचं घर निघालं, आणि तळाशी तपकिरी काचेची छोटी बाटली. क्रॅटेगस, मदर टिंक्चर. वीस-वीस थेंब, तीन वेळा, पाच आठवड्यांपासून. “ते होमिओपॅथी आहे डॉक्टर, त्याचं काय सांगायचं?” मुलीचं काही चुकलं नव्हतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापर्यंत मीही नाही. थेंब थांबवले, दहा दिवसांनी उभ्यानं बीपी १०६ आलं आणि अंधारी गेली. एका रुग्णावरून नियम ठरत नाही हे मला माहीत आहे, पण त्यानंतर माझ्या केसपेपरवर ‘थेंब, काढे, चूर्ण, परदेशातून आलेलं’ असा वेगळा रकाना आहे.

तुमच्या शेजारच्या काकांच्या थेंबांबद्दलही हेच. मदर टिंक्चर म्हणजे पातळ करत नेलेली होमिओपॅथीची गोळी नव्हे. तो मूळ अर्क आहे, बहुतेक पिकलेल्या फळांचा आणि अल्कोहोलमध्ये काढलेला. साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांना लावायचा ‘काही अपाय नाही’ हा नियम त्याला लागू होत नाही. थेंबात कामाचं द्रव्य किती ते बांधून दिलेलं नाही, ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो. काकांना मानवत असेल, पण काकांचं पंपिंग किती, त्यांच्या गोळ्या कुठल्या, हे तुम्हाला ठाऊक नाही.

सासऱ्यांच्या यादीत मला काळजी कुठे वाटते तेही सांगतो. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टननं बीपी आधीच खाली असतं. त्यात मेटोप्रोलॉल, पाण्याची गोळी, आणि अधूनमधून सॉर्बिट्रेट. त्यावर रक्तवाहिन्या सैल करणारं आणखी काही नको. लैंगिक दुर्बलतेसाठीच्या गोळ्यांबाबतही हेच, आणि त्या तर सॉर्बिट्रेटबरोबर कधीच घ्यायच्या नाहीत. हे पुरुष रुग्ण सुनेला सांगत नाहीत, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी एकट्यानं विचारायला हवं. डिगॉक्सिनचं जरा वेगळं आहे. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका छोट्या अभ्यासात हॉथॉर्नमुळे रक्तातलं डिगॉक्सिन वाढलं नाही, ही चांगली गोष्ट. पण ते फक्त आठ जण होते, कोणाचंही हृदय आजारी नव्हतं. शिवाय डिगॉक्सिनची पातळी मोजायच्या काही पद्धतींत हॉथॉर्न ढवळाढवळ करतं आणि आकडा चुकीचा दाखवू शकतं. डिगॉक्सिनमध्ये पुरेसा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी असतं, तिथे आकड्यावर भरवसा नसणं मला परवडत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची शंका आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हॉथॉर्न घेणाऱ्यांत जास्त रक्तस्राव झाल्याचं नोंदलं गेलंय. म्हणून कुठलीही ठरलेली शस्त्रक्रिया असेल, अगदी दाताची मोठी असली तरी, दोन आठवडे आधी बंद करायला मी सांगतो आणि भूलतज्ज्ञांना कळवायला सांगतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे घेऊ नये.

एक गोष्ट मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी, कारण तिथे प्रश्न हॉथॉर्नचा नसून नावाखाली काय विकलं जातं याचा आहे. मेक्सिकोत हॉथॉर्नची एक जात आहे, तेहोकोते. तिचं फळ नाताळच्या गरम पेयात घालतात, खाण्यालायक आहे. त्याच नावानं ‘तेहोकोते मूळ’ म्हणून वजन कमी करायच्या गोळ्या अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जात होत्या. २०२३ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या अहवालात आलं की तपासलेल्या १० उत्पादनांपैकी ९ मध्ये तेहोकोते नव्हतंच, होती पिवळी कण्हेर. म्हणजे आपली बिट्टी. कुंपणाला लावलेली, पिवळ्या घंटेसारख्या फुलांची, जिच्या बिया लहान पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून आपल्या आज्या ओरडायच्या, तीच. बिट्टीतली द्रव्यं डिगॉक्सिनच्या जातीची आहेत आणि हृदयाचे ठोके बिघडवून माणूस मारतात. डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसाच्या पोटात ती गेली तर काय होईल याची कल्पना करा. दिरांची बाटली तशी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ऑनलाइन घेतलेली असेल तर त्यांना एवढं विचारा की त्यावर ‘टीएचआर’ची खूण आहे का. ब्रिटनमध्ये पारंपरिक वनौषधींच्या नोंदणीची ती खूण आहे. ती असेल तर आत जे लिहिलंय ते आहे आणि दर्जा तपासलेला आहे, असं धरता येतं. गुण येतोच असं ती खूण सांगत नाही, नोंदणी दीर्घ वापराच्या परंपरेवर मिळते.

सासूबाईंच्या दुधाबद्दल. अर्जुनाच्या सालीचा क्षीरपाक आपल्याकडे फार जुना आहे आणि मी कोणाच्या सासूबाईंना तो बंद करा म्हणून दुखावत नाही. पण त्याचीही गोष्ट हॉथॉर्नसारखीच आहे. सुरुवातीच्या लहान अभ्यासांतून आशा वाटली, पुढे दिल्लीच्या एम्समध्ये १०० रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा १२ आठवड्यांत पंपिंग वाढलं नाही. सासऱ्यांना तो बऱ्याच काळापासून चालू असेल, बीपी आणि नाडी ठीक असेल, तर रोजचं प्रमाण तेच ठेवा आणि डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या. अधूनमधून दुप्पट करू नका. आणि मधुमेह नसला तरी त्यात साखर बेतानं. मुख्य म्हणजे अर्जुनावर हॉथॉर्न नको. चक्कर आली तर कशानं आली हे मग कोणालाच सांगता येणार नाही.

मग हे कोणी घ्यावं? मी क्वचित हो म्हणतो. चाळिशी-पन्नाशीतला माणूस, ताणात असला की धडधडतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो, झोप कच्ची. त्याचा ईसीजी, इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी बघून झालं आणि सगळं ठीक निघालं. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू नाही. अशानं फुलांसकट पानांचा प्रमाणित अर्क सहा ते आठ आठवडे घेऊन बघायला माझी हरकत नसते. युरोपच्या औषध नियामक संस्थेनंही २०१६ साली साधारण याच मर्यादेत, डॉक्टरांनी गंभीर आजार नाही ना हे पाहिल्यावर, ताणातली धडधड आणि झोपेसाठी पारंपरिक वापर मान्य केला आहे. हार्ट फेल्युअरसाठी नाही. बीपीच्या औषधाऐवजी म्हणून तर नकोच. इंग्लंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ७९ रुग्णांच्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम हॉथॉर्न दिलं, ते घेणाऱ्यांत १६ आठवड्यांत खालचा आकडा सरासरी ८५.६ वरून ८३ वर आला, वरच्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. एवढा फरक रोज अर्धा तास चालूनही पडतो.

आता तुमच्या घरी काय करायचं ते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, सासऱ्यांचं वजन घ्या आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाच्या घोट्यांवर बोट दाबून खळगा राहिला, किंवा रात्री झोपेतून दम लागून उठून बसावं लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखून हात-जबड्यात कळ गेली तर थेट दवाखाना. आठवड्यातून दोनदा बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही. जिना चढताना दम लागतो हे तुम्ही मला लिहिलंत, पण गेल्या तपासणीत डॉक्टरांना सांगितलंत का? त्यासाठी गोळ्यांचे डोस हळूहळू वाढवण्याला आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी एखादी गोळी जोडण्याला अजून वाव असू शकतो. तुमच्या यादीत ती मला दिसली नाही, आवर्जून विचारा.

दिरांना ‘नको’ कसं सांगायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंत. लांब राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काहीतरी करावंसं वाटतं, आणि ही बाटली त्यातूनच आली आहे. त्यांना सांगा की डॉक्टरांनी कॅप्सूल सध्या सुरू करू नका म्हणून सांगितलंय, पण दंडाला बांधायचं चांगलं बीपी मशिन आणि शंभर ग्रॅमचा फरकही दाखवणारा डिजिटल वजनकाटा हवा आहे. आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनीच वडिलांना त्या आठवड्याचे आकडे विचारावेत. ती बाटली फेकू नका. पुढच्या तपासणीला इतर गोळ्यांबरोबर पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.